सेल्सफोर्स ॲडमिन व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: बी.कॉम. झालंय, निफाड तालुक्यात एका ट्रॅक्टर डीलरकडे ४ वर्षं सर्व्हिस काउंटर आणि एक्सेलमधले रिपोर्ट सांभाळताय, कोडिंग येत नाही. पुण्यातला एक क्लास ३ महिन्यांत सेल्सफोर्स ॲडमिन करून १०० टक्के नोकरी लावून देतो म्हणतोय, फी ६०,००० रुपये. क्लास लावावा का, आणि या वाटेला जायचंच तर सुरुवात कुठून करावी, हे तुमचे दोन प्रश्न. मी पुण्यात हेच काम बरीच वर्षं करतोय, नव्या उमेदवारांच्या मुलाखतीही घेतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. सेल्सफोर्स म्हणजे कंपनीचे ग्राहक, विक्री आणि सर्व्हिस यांच्या नोंदी ठेवणारं ऑनलाइन सॉफ्टवेअर (सीआरएम), आणि ॲडमिन म्हणजे ते कंपनीत चालवणारा, त्यात हवे ते बदल करणारा माणूस.

क्लासचं आधी. आत्ता लावू नका. ॲडमिनला लागणारं शिक्षण सेल्सफोर्स कंपनी स्वतःच ट्रेलहेड या संकेतस्थळावर २०१४ पासून फुकट देते आहे. सरावासाठी डेव्हलपर एडिशन नावाची तुमची स्वतःची ऑर्गही (म्हणजे सेल्सफोर्सची स्वतंत्र प्रत) फुकट मिळते, आणि तिच्यात नियमित लॉगिन करत राहिलात तर मुदत संपण्याची धास्ती नसते. क्लासमधून खरं तर एकच गोष्ट मिळते, रोज ठरल्या वेळी बसायची सवय. तेवढ्यासाठी ६०,००० जास्तच झाले. तरीही मन ओढत असेल तर क्लासवाल्याला एवढंच विचारा, की मागच्या बॅचमधले तिघं जण कुठे आणि कोणत्या हुद्द्यावर लागले, त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का. बहुतेक ठिकाणी बोलणं तिथेच संपतं.

प्लेसमेंटच्या नावाखाली काही ठिकाणी रेझ्युमेत दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव घालून देतात, त्याचं पत्रही देतात. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. मोठ्या कंपन्या नेमणुकीआधी पार्श्वभूमी तपासतात, आणि पीएफच्या यूएएन क्रमांकावर तुम्ही कोणत्या महिन्यात कुणाकडे होता ते दिसतं. ऑफर हातात आल्यावर ती मागे घेतली जाणं हे नोकरी न मिळण्यापेक्षा वाईट. नोकरीसाठी ‘डिपॉझिट’ मागणाऱ्यांचंही तेच, फोन ठेवून द्या.

आता मुद्द्यावर येतो. ट्रॅक्टर डीलरकडच्या या ४ वर्षांकडे तुम्ही वाया गेलेला काळ म्हणून पाहताय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. मला ते उलट दिसतं. सेल्सफोर्सची बटणं कुणालाही काही महिन्यांत शिकवता येतात. धंदा कसा चालतो, गिऱ्हाईक काय बोलतं आणि कागदावर काय लिहिलं जातं, यातला फरक शिकवायला फार वेळ लागतो. माझ्यासमोर मुलाखतीला येणाऱ्या दहांतल्या आठ जणांकडे बटणं असतात आणि धंदा नसतो.

ॲडमिन दिवसभर करतो काय? सकाळी एखाद्याचं लॉगिन अडकलेलं असतं. नवा विक्री अधिकारी रुजू झालेला असतो, त्याला परवानग्या द्यायच्या असतात. कुणी राजीनामा दिलेला असतो, त्याचं खातं त्याच मिनिटाला गोठवायचं असतं. (फ्रीझ केल्याने लॉगिन थांबतं पण लायसन्स, म्हणजे त्या युजरसाठी विकत घेतलेला परवाना, मोकळं होत नाही, ते डीॲक्टिव्हेट केल्यावर होतं. युजर कायमचा पुसून टाकणं तर सेल्सफोर्समध्ये होतच नाही. हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो.) विक्रीप्रमुखांना एक नवं फील्ड (नोंदीतला माहितीचा रकाना) हवं असतं, हिशेब विभागाला रिपोर्टमधली बेरीज टॅलीशी जुळत नाही असं वाटत असतं. दुपारनंतर जरा शांतता मिळाली तर एखादं ऑटोमेशन बांधायचं, एखादी डेटाची फाइल साफ करायची. यातलं निम्मं काम विचारण्याचं असतं. हे फील्ड कशाला हवं? कोण भरणार? भरलं नाही तर काय अडेल? या तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर ते फील्ड बनवू नये, कारण सहा महिन्यांनी ते ९० टक्के रिकामं सापडतं आणि तेव्हा ते काढायचं धाडसही कुणी करत नाही.

तेव्हा सुरुवात अशी करा. ट्रेलहेडवर ॲडमिनच्या पहिल्या पायरीचे धडे करा, पण बॅजेसच्या (धडे पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या खुणांच्या) मागे लागू नका. १०० बॅज आणि ५०,००० गुण झाले की ‘रेंजर’ ही पदवी मिळते, लोक ती मिरवतात. सगळ्या उत्तरांच्या पायऱ्या इंटरनेटवर पडलेल्या असतात, त्यामुळे माझ्यासारख्या मुलाखत घेणाऱ्यावर तिचा फारसा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो तुम्ही स्वतः उभं केलेल्या एखाद्या कामाचा. आणि तुमच्यासाठी ते काम समोरच आहे: तुमच्याच डीलरचा सर्व्हिस विभाग सेल्सफोर्समध्ये उभा करा.

हे जरा विस्ताराने सांगतो, कारण खरं शिक्षण इथेच होतं.

पहिला प्रश्न येतो शेतकऱ्याची नोंद कशात करायची. सेल्सफोर्सची मूळ रचना कंपन्यांना माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. त्यात अकाउंट म्हणजे कंपनी आणि कॉन्टॅक्ट म्हणजे तिथला माणूस. तुमचा ग्राहक तर थेट माणूसच. त्यासाठी पर्सन अकाउंट नावाची सोय आहे, पण ती एकदा चालू केली की त्या ऑर्गमध्ये परत बंद करता येत नाही. म्हणून चालू करण्याआधी कागदावर विचार करा. सातबारा वडिलांच्या नावावर, कर्ज थोरल्याच्या नावावर, ट्रॅक्टर चालवतो धाकटा, आणि नोंदवलेला मोबाइल नंबर भलत्याच पुतण्याचा, असं तुम्ही काउंटरवर रोज बघता. मग ‘ग्राहक’ कोण? पर्सन अकाउंट की कुटुंब हे एक अकाउंट आणि त्यात चार कॉन्टॅक्ट? दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. तुम्ही का निवडलं ते सांगता आलं पाहिजे.

इथेच डुप्लिकेटचा प्रश्नही येतो. नवीन ॲडमिन पटकन ठरवतो की मोबाइल नंबर सारखा असेल तर तोच ग्राहक समजून नवी नोंद अडवायची. तुमच्याकडे तसं केलं तर तीन भावांपैकी दोघांची नोंदच होणार नाही. नावावर विसंबावं तर ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कुणी डी-एनने सुरू करतो, कुणी जी-वायने, कुणी मधला वाय गाळतो. गावावर विसंबावं तर नुसतं ‘पिंपळगाव’ लिहिलेलं असतं, आणि पिंपळगाव बसवंत तुमच्याच तालुक्यात असलं तरी पिंपळगाव नावाची गावं राज्यात कितीतरी आहेत. त्यामुळे मॅचिंग रूल (दुबार नोंद ओळखायचा नियम) बनवताना नाव, तालुका आणि नंबर असं एकत्र बघावं लागतं, आणि थेट अडवण्याऐवजी ‘असा ग्राहक आधीच आहे का बघा’ असा इशारा देणं बरं पडतं. चासिस नंबर मात्र निःसंशय एकमेव असतो. ते फील्ड युनिक (दोन नोंदींत तेच चालणार नाही असं) आणि एक्स्टर्नल आयडी (बाहेरच्या फाइलशी नोंद जुळवायची ओळख) म्हणून ठेवा, पुढे डेटा चढवताना त्याचा फार उपयोग होतो.

मग ट्रॅक्टर आणि मालक यांचं नातं. सेल्सफोर्समध्ये दोन मुख्य प्रकार आहेत, लुकअप (सैल नातं) आणि मास्टर-डिटेल (घट्ट नातं). दुसऱ्यात मास्टर रेकॉर्ड (मुख्य नोंद) काढून टाकलं की त्याखालची डिटेल रेकॉर्डंही जातात. म्हणजे शेतकऱ्याची दुबार नोंद म्हणून कुणी एक रेकॉर्ड काढलं तर त्याच्या ट्रॅक्टरचा सगळा सर्व्हिसचा इतिहासही त्याबरोबर रिसायकल बिनमध्ये, आणि १५ दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नाही तर तिथूनही गायब. शिवाय ट्रॅक्टर विकला जातो, दुसऱ्या मालकाकडे जातो, आणि सर्व्हिसला पुन्हा तुमच्याकडेच येतो. म्हणून इथे लुकअप योग्य. सर्व्हिसची नोंद आणि त्यात वापरलेले पार्ट यांच्यात मात्र मास्टर-डिटेल शोभतं, कारण सर्व्हिसशिवाय पार्टच्या ओळीला अर्थ नाही, आणि रोलअप समरीने पार्टची बेरीज आपोआप मिळते.

यानंतर ‘पुढची सर्व्हिस केव्हा’ हा गाभ्याचा प्रश्न. ट्रॅक्टरची सर्व्हिस तासांवर ठरते. साधारण पहिली ५० तासांनी येते, त्यापुढच्या सर्व्हिस कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. बाहेरचा माणूस सरळ ‘तीन महिन्यांनी फोन कर’ असा नियम लावून मोकळा होईल. तुम्हाला ठाऊक आहे की ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारणीसाठी ट्रॅक्टर जवळजवळ रोज फिरतो आणि उन्हाळ्यात काही ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभे असतात. त्यामुळे शेवटच्या दोन नोंदींतले तास आणि दिवस यांवरून रोजचा वापर काढायचा, त्यावरून अंदाजे तारीख काढणारं फॉर्म्युला फील्ड बनवायचं, आणि रोज रात्री चालणारा एक शेड्यूल्ड फ्लो (ठरल्या वेळी आपोआप चालणारी पायऱ्यांची मालिका) त्या तारखेच्या आठवडाभर आधी काउंटरवरच्या माणसाच्या नावाने फोन करायचं टास्क तयार करेल असं बांधायचं. तासांचं नवं रीडिंग आधीच्यापेक्षा कमी असेल तर व्हॅलिडेशन रूलने अडवायचं. पण मीटर बदललेला असू शकतो! त्यासाठी ‘मीटर बदलला’ अशी खूण ठेवायची आणि ती असेल तर नियमाला सूट द्यायची. असली सूट ज्याला सुचते त्याने काउंटरवर काम केलेलं असतं हे मला मुलाखतीत लगेच कळतं.

या सगळ्यात खऱ्या ग्राहकाचं एकही नाव किंवा नंबर घालू नका. मालकाची फाइल घरी आणून स्वतःच्या सराव ऑर्गमध्ये चढवणं ही विश्वासाची गोष्ट तर आहेच, शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर असल्या गोष्टी हलक्यात घेण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. खोटी नावं बनवा. तशीही डेव्हलपर एडिशनमध्ये डेटासाठी फक्त ५ एमबी जागा असते, आणि बहुतेक रेकॉर्ड २ केबी धरलं जातं, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास नोंदी. सरावाला भरपूर झाल्या.

आता परवानग्या. ॲडमिनच्या कामातला हा सगळ्यात किचकट भाग, आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त माणसं इथेच गडबडतात. मी विचारतो: ‘एक विक्री अधिकारी म्हणतो मला अमुक ग्राहक दिसत नाही. तुम्ही काय काय तपासाल, क्रमाने सांगा.’ जो लगेच ‘प्रोफाइल बघेन’ (प्रोफाइल म्हणजे युजरच्या मूळ परवानग्यांचा संच) म्हणून थांबतो त्याने पाठ केलेलं असतं. समजलेला माणूस आधी विचारतो, ‘दिसत नाही म्हणजे नक्की काय? यादीत नाही, उघडल्यावर एरर येते, की रेकॉर्ड उघडतं पण एखादं फील्ड गायब आहे?’ यादीत नसेल तर कदाचित लिस्ट व्ह्यूवर फिल्टर लागलेला असतो, आणि अर्धा तास परवानग्या उपसण्याची गरजच नसते. मग ऑब्जेक्टची (ग्राहक, ट्रॅक्टर अशा एका प्रकारच्या नोंदींच्या तक्त्याची) परवानगी आहे का, ती प्रोफाइल किंवा परमिशन सेटमधून (वरून जोडलेल्या जादा परवानग्यांतून) येते. मग फील्डची. मग त्या विशिष्ट रेकॉर्डची: मालकी कुणाची, ऑर्गनायझेशन-वाइड डिफॉल्ट (सगळ्यांना लागू असलेली मूळ मर्यादा) खासगी आहे का, रोलच्या उतरंडीत तो मालकाच्या वर आहे का, कुठला शेअरिंग रूल (ठरावीक लोकांना नोंदी उघड्या करणारा नियम) लागतो का. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ऑर्गनायझेशन-वाइड डिफॉल्टने दार शक्य तितकं घट्ट लावायचं आणि बाकी जवळजवळ सगळं उघडण्यासाठी असतं. शेअरिंग रूलने कुणाचा ॲक्सेस कमी करता येत नाही.

तुमच्या ट्रॅक्टरच्या ऑर्गमध्ये हे करून बघा. मेकॅनिकला फक्त स्वतःच्या नावावरच्या सर्व्हिस दिसाव्यात, सर्व्हिस मॅनेजरला सगळ्यांच्या, विक्रीवाल्यांना ग्राहक दिसावा पण कर्जाची रक्कम दिसू नये, मालकाला सगळं. प्रोफाइलला कमीत कमी परवानग्या द्या आणि बाकी परमिशन सेटने चढवा, हल्ली सेल्सफोर्सचा कलही तिकडेच आहे. मेकॅनिकसाठी स्वतंत्र युजर बनवून त्याच्या नावाने लॉगिन करून तपासा. स्वतःच्या ॲडमिन खात्यातून तपासलेलं काहीच खरं नसतं, तुम्हाला सगळंच दिसतं.

डेटा चढवण्याबद्दल पुस्तकात कमी असतं आणि नोकरीत रोज लागतं. तुमचं एक्सेल चांगलं आहे असं म्हणताय, मग इथे तुम्ही इतरांच्या पुढेच आहात, फक्त काही खोड्या माहीत करून घ्या. सेल्सफोर्सच्या प्रत्येक रेकॉर्डला आयडी असतो, १५ अक्षरी आणि १८ अक्षरी अशा दोन रूपांत. रिपोर्टमधून १५ अक्षरी येतो, आणि त्यात कॅपिटल-स्मॉलचा फरक महत्त्वाचा असतो. एक्सेलचं व्हीलुकअप तो फरक मानत नाही, त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते आणि कुठेही एरर दिसत नाही. नेहमी १८ अक्षरी आयडी वापरा. ९१ लावलेला १२ आकडी मोबाइल नंबर एक्सेल ई प्लस ११ असं काहीतरी करून टाकतं आणि तसंच सीएसव्हीमध्ये (डेटा चढवायच्या साध्या फाइलमध्ये) जतन होतं, आधी तो कॉलम टेक्स्ट करा. मराठीत नावं असतील तर यूटीएफ-८ (युनिकोड) मध्येच जतन करा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं. तारीख-वेळेच्या फील्डमध्ये टाइम झोन चुकीचा राहिला तर भारतीय मध्यरात्र ग्रिनिचच्या हिशेबाने आदल्या दिवशीची संध्याकाळ होते आणि तारीख एक दिवस मागे जाते. आणि काहीही बदलण्याआधी त्या रेकॉर्डांची आहे तशी प्रत उतरवून ठेवा, दरवेळी, दहा रेकॉर्ड असली तरी.

५०,००० पर्यंतच्या नोंदी चढवायला सेल्सफोर्समधलाच इम्पोर्ट विझार्ड पुरतो, पुढे डेटा लोडर हे वेगळं ॲप लागतं. डेटा लोडरचं नाव आलंच आहे तर सुरक्षेबद्दल. २०२५ मध्ये बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा सेल्सफोर्समधला डेटा चोरीला गेला, आणि त्यातल्या एका मालिकेत चोरांनी कुठलीही तांत्रिक फट शोधली नव्हती. ‘आयटीमधून बोलतोय’ असा फोन करून कर्मचाऱ्यांकडून डेटा लोडरसारखं दिसणारं बनावट ॲप जोडून घेतलं होतं. कोणतं ॲप ऑर्गला जोडायचं, एक्स्पोर्टची परवानगी कुणाला द्यायची, हे ॲडमिन ठरवतो. दोन टप्प्यांचं लॉगिन २०२२ पासून सक्तीचं आहे, पण फोनवर स्वतःच कोड सांगणाऱ्या माणसापुढे त्याचाही इलाज चालत नाही.

एक ढोबळ उदाहरण द्यायचं राहिलं, जीएसटी क्रमांकाचं. तो १५ अक्षरी, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. हे तपासणारा व्हॅलिडेशन रूल लिहायचा सराव करा, रेजेक्स (अक्षरांचा साचा तपासायची पद्धत) शिकायला याहून चांगलं निमित्त नाही. पण फील्ड सक्तीचं करू नका. बहुतेक शेतकऱ्यांकडे जीएसटी क्रमांक नसतोच, आणि सक्ती केली की काउंटरवरचा माणूस काहीतरी ठोकून पुढे जातो. सक्तीच्या मोबाइल फील्डमध्ये दहा वेळा ९ हा आकडा भारतातल्या जवळपास प्रत्येक ऑर्गमध्ये मी पाहिला आहे.

ऑटोमेशन शिकताना एक काळजी घ्या. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर ही जुनी साधनं शिकवतात. या दोन्हींचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. जुन्या ऑर्गमध्ये ते सापडतील, म्हणून वाचता यायला हवेत, पण नवीन काही बांधायचं ते फ्लोमध्येच. फ्लो बांधताना लूपच्या (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाच्या) आत डेटाबेसमधून वाचणं किंवा तिथे लिहिणं टाळा. एका व्यवहारात १०० वेळा वाचणं (क्वेरी) आणि १५० वेळा लिहिणं अशी मर्यादा असते. एक रेकॉर्ड हाताने भरून पाहिलं तर सगळं ठीक वाटतं, आणि कुणी २०० ओळींची फाइल चढवली की फ्लो कोसळतो. कोडिंग येत नाही ही तुमची चिंता इथे थोडी बाजूला ठेवा. ॲडमिनला एपेक्स (सेल्सफोर्सची प्रोग्रामिंगची भाषा) लिहावं लागत नाही. पण ‘जर-तर’चा विचार पायरीपायरीने करावाच लागतो, आणि एक्सेलमध्ये एकात एक चार इफ लिहिलेल्या माणसाला तो जमतो.

परीक्षेबद्दल थोडक्यात. २०२५ पासून तिचं नाव प्लॅटफॉर्म ॲडमिनिस्ट्रेटर झालंय, आणि ती पिअर्सन व्ह्यूमार्फत होते, घरून किंवा केंद्रावर. गुणांचे ६० प्रश्न, १०५ मिनिटं, पास व्हायला ६५ टक्के. कंपनीच्या यादीत मूळ फी २०० डॉलर आणि पुन्हा बसायचं तर १०० डॉलर आहे, कर वेगळा. नोंदणी करताना भारतासाठी पडद्यावर जी रक्कम दिसते ती धरून चाला. प्रश्न प्रसंगावर असतात, ‘ॲडमिनने यातलं काय सुचवावं, दोन निवडा’ असे. ट्रॅक्टरची ऑर्ग बांधून झाली असेल तर अर्धे प्रश्न ओळखीचे वाटतील. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘डम्प’ (परीक्षेतून चोरलेल्या प्रश्नांचे संच) विकत घेऊ नका, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, आणि त्यातली उत्तरं चुकीची असतात ते वेगळंच. सर्टिफिकेट टिकवायला दरवर्षी ट्रेलहेडवर छोटी चाचणी द्यावी लागते. सेल्सफोर्स वर्षातून तीनदा नवं व्हर्जन आणतं, त्यामुळे ते साहजिक आहे.

नोकरी. इथे मी थोडं निराश करणार आहे. सर्टिफिकेट दाखवलं आणि नोकरी मिळाली असे दिवस करोनाच्या काळात होते. आता नवख्यांची गर्दी आहे, आणि २०२३ च्या सुरुवातीला खुद्द सेल्सफोर्सने सुमारे १० टक्के माणसं कमी केल्यापासून सगळ्यांनीच हात आखडता घेतला. भारतात शिवाय निव्वळ ‘ॲडमिन’ अशी जागा सर्व्हिस कंपन्यांत कमी निघते. हिंजवडी, बाणेर, खराडीतल्या कंपन्या बहुतेक वेळा डेव्हलपर शोधत असतात, किंवा ॲडमिन अधिक डेव्हलपर. नवख्याला तिथे दार उघडतं ते सपोर्टमधून. तिकिटं (वापरणाऱ्यांच्या नोंदवलेल्या तक्रारी) सोडवायची, अनेकदा अमेरिकी ग्राहकांसाठी संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या पाळीत. काम कंटाळवाणं असतं पण वर्षभरात दहा वेगवेगळ्या ऑर्ग आतून दिसतात, आणि ते दुसरीकडे कुठे दिसत नाही.

माझ्या मते तुमच्यासाठी चांगली वाट वेगळी आहे. ज्या कंपन्या सेल्सफोर्स वापरतात पण विकत नाहीत तिकडे बघा: ट्रॅक्टर आणि शेती अवजारं बनवणारे, वाहन डीलरांच्या साखळ्या, बियाणं आणि खतं, ठिबक, ट्रॅक्टरला कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या. तिथे जाहिरातीत ‘ॲडमिन’ शब्द असेलच असं नाही, ‘सीआरएम एक्झिक्युटिव्ह’, ‘सेल्स ऑपरेशन्स’, ‘एमआयएस आणि सीआरएम’ असं काहीतरी असतं. संगणकाच्या पदवीधराला तिथे डीलर काय असतो हे समजावून सांगावं लागतं. तुम्हाला नाही. पगार पहिल्या उडीत फार वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. ऑर्गमध्ये प्रत्यक्ष बदल करायची परवानगी मिळणार आहे की फक्त रिपोर्ट काढायचे आहेत, हे मात्र मुलाखतीत स्पष्ट विचारा. दुसऱ्या प्रकारच्या नोकरीत दोन वर्षांनीही तुम्ही आहात तिथेच असाल.

मधल्या काळात आहे त्या नोकरीतही काही करता येईल. तुमच्या मालकांना सेल्सफोर्सचा खर्च झेपणार नाही आणि गरजही नाही. पण चेन्नईच्या झोहोचं सीआरएम ३ युजरपर्यंत फुकट आहे. मालक तयार असतील तर सर्व्हिसची नोंद त्यात सुरू करा. नावं वेगळी आहेत, सेल्सफोर्स ज्याला ऑब्जेक्ट म्हणतं त्याला तिथे मॉड्यूल म्हणतात, पण फील्ड, लेआउट, रोल, प्रोफाइल, डुप्लिकेट, वापरणाऱ्यांचा कंटाळा, सगळं तेच. मेकॅनिकच्या हातात फोन देऊन त्याच्याकडून तीन फील्ड भरून घेणं हा जो अनुभव आहे तो कुठल्याही सराव ऑर्गमध्ये मिळत नाही, आणि रेझ्युमेवर तो खरा अनुभव म्हणून लिहिता येतो. छोट्या शहरांत झोहो जाणणाऱ्याला स्वतंत्र कामंही मिळतात. तीच वाट आवडली तर तिथेच राहा, सेल्सफोर्सच केलं पाहिजे असं काही नाही. एखादी सामाजिक संस्था ओळखीची असेल तर तिथेही विचारा. पात्र संस्थांना सेल्सफोर्स १० लायसन्स फुकट देते, आणि ते चालवायला माणूस नसतो.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मुलाखतीत विचारतील. सेल्सफोर्सचं एजंटफोर्स (एआय एजंट बनवायचं साधन) २०२४ मध्ये आलं, फॉर्म्युला आणि फ्लो आता नुसतं सांगून बनवून घेता येतात. त्यामुळे नुसती बटणं दाबणाऱ्याची गरज कमी होणार, हे खरं आहे. पण हे एजंट दिलेल्या परवानग्यांतच काम करतात. ढिल्या परवानग्यांची आणि दुबार नोंदींची ऑर्ग असेल तर एजंट तोच गोंधळ जास्त वेगाने घालतो. परवानग्या आणि डेटा यांवर मी इतकं लिहिलं त्याचं हेही एक कारण आहे.

राहता राहिलं इंग्रजी, त्याची भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. मुलाखत इंग्रजीतच होईल, आणि पुढे बरंचसं काम ईमेल आणि तिकिटांतून इंग्रजीतच चालेल. साहित्यिक इंग्रजी कुणी मागत नाही. स्क्रीन समोर ठेवून हा ग्राहक, हा त्याचा ट्रॅक्टर, ही सर्व्हिस, इथे नियम असा लावला कारण मीटर बदलू शकतो, एवढं पाच मिनिटांत सरळ वाक्यांत सांगता आलं पाहिजे. मोबाइलवर स्क्रीनसकट रेकॉर्ड करा, ऐका, अडखळलात ती जागा पुन्हा करा. कुणा ओळखीच्या इंग्रजीच्या शिक्षकांना ऐकवा, आणि ट्रॅक्टर कशाशी खातात हे त्यांना माहीत नसेल तर उत्तमच. त्यांना समजलं की अर्ज पाठवायला लागा.